वाचकांचे प्रश्न: दोन मशीन, एक प्रोसेसर आणि चेंजओव्हरचा आवाज

मागच्या अंकात किनारपट्टीवरच्या बंद पडलेल्या थिएटरांबद्दल छोटं टिपण आलं होतं, त्यात शेवटी सहज लिहिलं होतं की कुणाच्या केबिनमध्ये अजून दोन ३५ एमएम मशीन, म्हणजे फिल्मचे प्रोजेक्टर, जागेवर असतील तर कळवा. कळवलं की लोकांनी! कुडाळ, देवगड, चिपळूण, दापोली, सगळीकडून. आणि नुसतं कळवलं नाही तर सोबत वायरिंगचे प्रश्न जोडले, फोटो पाठवले, एकाने तर अख्ख्या जंक्शन बॉक्सचं चित्र हाताने काढून पाठवलंय. त्यामुळे या वेळचा कॉलम फक्त केबिनचा आणि चेंजओव्हरचा, म्हणजे एका मशीनवरचं रीळ संपताना चित्र आणि आवाज दुसऱ्या मशीनवर नेण्याचा. ज्यांचे मिक्सर-गिझरचे प्रश्न राहिलेत त्यांनी राग मानू नये, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न: नमस्कार दादा. आमच्या काकांचं कुडाळकडे जुनं थिएटर आहे. बरीच वर्षं बंद होतं, आता वरचे पत्रे बदललेत आणि आम्ही चारपाच जण मिळून महिन्यातून एक खेळ फिल्मवरचा दाखवायचा म्हणतोय. मशीन दोन्ही चालतात. एका बंद झालेल्या थिएटरातून डॉल्बीचा एक प्रोसेसर (फिल्मवरचा आवाज उलगडून अॅम्प्लिफायरला देणारा डबा) आणि दोन डिजिटल रीडर (फिल्मवर छापलेला डिजिटल आवाज वाचणारे) मिळाले. आता एक साउंडवाला सांगतो की प्रत्येक मशीनला वेगळा प्रोसेसर घ्या आणि अॅम्प्लिफायरच्या आधी एक मोठा स्विच टाका. दुसरा सांगतो की सगळी रिळं जोडून एकाच मोठ्या स्पूलवर चढवा, चेंजओव्हरची कटकटच नको. आमी नेमका काय करूचा?

उत्तर: दुसऱ्याचं आधी निकालात काढू. रिळं जोडायची नाहीत, विषय संपला. तुम्ही जुने सिनेमे लावणार म्हणजे प्रिंट कुठून तरी मागून आणणार, पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, १९६४ पासून हे जपायचं काम करतंय, किंवा कुणा निर्मात्याकडे एखादी प्रिंट पडून असेल. अशी प्रिंट कापायची नसते. रिळं जोडायची तर पुढची-मागची लीडर, म्हणजे रिळाच्या टोकांना जोडलेली जादा पट्टी, काढावी लागते, खेळ झाला की परत लावावी लागते, प्रत्येक वेळी एखाद-दुसरी फ्रेम जाते, चिकटपट्टीचा गोंद राहतो, आणि काही वर्षांनी रिळाच्या शेवटचं वाक्य अर्धंच ऐकू येतं. म्हणून तर जपणुकीच्या प्रिंट देणारे लोक आधी विचारतात की बाबा, चेंजओव्हरवाली दोन मशीन आहेत का. तुमच्याकडे आहेत, ही तुमची श्रीमंती आहे, ती घालवू नका. रीळ २००० फुटांचं, फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे गच्च भरलेलं रीळ २२ मिनिटं आणि वर थोडे सेकंद, एवढ्या वेळात ऑपरेटरने दुसरं मशीन भरून तयार ठेवायचं, पूर्वी सगळे हेच करत होते.

आता पहिल्या साउंडवाल्याचं. दोन प्रोसेसर आणि पुढे स्विच, हे ऐकायला सोपं वाटतं पण बघा काय होतं. डिजिटलचे सहा चॅनेल, म्हणजे सहा लाइन एकाच क्षणी बदलायच्या, त्यात एकाही लाइनने कच खाल्ली की पडद्याचा डावा स्पीकर मेला. शिवाय हॉलचं इक्वलायझेशन, म्हणजे जाड-बारीक आवाज हॉलप्रमाणे जुळवणं, दोन प्रोसेसरमध्ये दोनदा करायचं आणि ते दोन्ही कायम सारखं राहील अशी आशा धरून बसायचं, ते काही राहत नाही. हॉल एक, स्पीकर एक, अॅम्प एक, मग त्याच्यासाठीचा प्रोसेसरही एकच. बदल करायचा तो प्रोसेसरच्या तोंडाशी, म्हणजे फिल्मवरून येणारा सिग्नल जिथे आत शिरतो तिथे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: आवाज एकाच जागी बदला, एकाच हुकमाने बदला, आणि तो हुकूम आणि मशीनचा पॉवर यांची वायर कधी एकत्र करू नका.

वायर ओढायच्या आधी एक काम करा. मिळेल त्या प्रिंटचा तुकडा भिंगाखाली धरा. चित्राच्या शेजारी दोन नागमोडी रेघा दिसतील ती अॅनालॉग पट्टी. चित्र आणि ती पट्टी यांच्या मधे तुटक बारीक रेघ असेल तर तो डीटीएसचा टाइमकोड, डीटीएसमध्ये आवाज वेगळ्या डिस्कवर असतो आणि ही रेघ त्याला वेळ सांगते. त्याच बाजूच्या भोकांच्या मधे मधे करडे ठिपकेदार चौकोन आणि त्या चौकोनाच्या बरोबर मधोमध डॉल्बीचा छोटासा डबल-डी दिसला तर ते डॉल्बी डिजिटल. फिल्मच्या अगदी दोन्ही कडांना पट्टे असतील तर एसडीडीएस, सोनीची डिजिटल पद्धत, ते विसरून जा, कडा सगळ्यात आधी घासतात आणि त्याचे प्रोसेसरही आता कुठे मिळत नाहीत. हे बघायला का सांगतोय, तर डॉल्बी डिजिटल आलं १९९२ मध्ये आणि बाकीची दोन १९९३ मध्ये. त्याच्या आधीच्या सिनेमाच्या त्या काळच्या प्रिंटवर डिजिटल नसतंच. तुम्ही जुने मराठी सिनेमे लावणार असाल तर त्यातल्या बहुतेक प्रिंट मोनो निघतील, मोनो म्हणजे मधल्या स्पीकरवर, अॅकॅडमी फिल्टर, म्हणजे जुन्या मोनोची खरखर दाबणारा फिल्टर, लावून. डिजिटल रीडरच्या नादात अॅनालॉगकडे दुर्लक्ष करू नका, कारण डिजिटल वाचता आलं नाही की प्रोसेसर आपोआप अॅनालॉगवरच येऊन पडतो, आणि तो पडला तेव्हा खाली गादी असली पाहिजे.

तर अॅनालॉग आधी. प्रत्येक मशीनच्या साउंड हेडमध्ये, म्हणजे अॅनालॉग पट्टी वाचणाऱ्या भागात, प्रकाशाची वीज करणाऱ्या सेलचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा, त्यांच्या वायरच्या दोन जोड्या निघतात. प्रोसेसरच्या मागे प्रोजेक्टर १ आणि प्रोजेक्टर २ अशी वेगळी इनपुट असतील, तिथे सरळ न्या. मधे कुठे जोड नको, टर्मिनल पट्टी नको. जोडी पिळलेली, शील्डवाली केबल घ्या, शील्ड फक्त प्रोसेसरच्या टोकाला जोडा, मशीनच्या टोकाला कापून टेप लावा. सेलचा सिग्नल फार फार अशक्त असतो, पडद्यावर प्रकाश टाकणाऱ्या झेनॉन लॅम्पच्या रेक्टिफायरची (त्याला वीज पुरवणाऱ्या डब्याची) केबल शेजारून गेली की तो हमखास घाण होतो, त्यामुळे पॉवरचा पाइप एका भिंतीने आणि साउंडचा दुसऱ्या भिंतीने, आणि कुठे क्रॉस व्हायचंच असेल तर काटकोनात.

डिजिटल रीडरचं वेगळं आहे. तो एका कॅमेऱ्यासारखा भोकांमधले चौकोन बघतो, फ्रेमला चार भोकं आणि सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे सेकंदाला ९६ चौकोन, प्रत्येकात ७६ गुणिले ७६ ठिपके. हा सिग्नल वेगवान असतो, त्याला साध्या रिलेतून किंवा बाजारातल्या सिलेक्टर डब्यातून फिरवायचं नाही. तुमच्या प्रोसेसरच्या किंवा वेगळ्या डिजिटल डीकोडरच्या मागे दोन रीडरसाठी दोन कनेक्टर आहेत का बघा. असले तर प्रश्नच मिटला, मूळ केबल लावा, आणि ती लांब पडते म्हणून मधे कापून जोड देऊ नका, त्यापेक्षा रॅक उचलून दोन मशीनच्या मधे आणा. कनेक्टर एकच असेल तर त्याच कंपनीचं चेंजओव्हरचं कार्ड किंवा डबा शोधा, मिळेपर्यंत एका मशीनवर डिजिटल आणि दुसऱ्यावर अॅनालॉग असलं अर्धवट काही करू नका, दर वीस मिनिटांनी आवाजाची जात बदलते आणि लोकांना वाटतं स्पीकर गेला. पूर्ण खेळ अॅनालॉगवर चालवा. नीट लावलेली डॉल्बी एसआर (खरखर कमी करणारी अॅनालॉग पद्धत) पट्टी ऐकली की निम्म्या लोकांना फरक कळत नाही, आणि ज्यांना कळतो ते तुमच्या केबिनमध्येच बसलेले असतात.

आता हुकूम. ऑपरेटर चेंजओव्हरचं बटण दाबतो तेव्हा एका मशीनचा डाउजर (प्रकाश अडवणारी झडप) बंद होतो, दुसऱ्याचा उघडतो, डाउजरच्या कॉइल बऱ्याच जुन्या मशीनवर मेन्सवर चालतात. प्रोसेसरला मात्र कोरडा कॉन्टॅक्ट हवा असतो, म्हणजे नुसत्या दोन वायर एकमेकींना टेकल्या की झालं, त्यात बाहेरचं व्होल्टेज शून्य. तेव्हा बटणाने एक वेगळा छोटा रिले ओढा, २४ व्होल्ट डीसी कॉइलचा, आणि त्याचा कॉन्टॅक्ट प्रोसेसरच्या चेंजओव्हर पिनांवर न्या. कॉइलवर उलटा डायोड टाका, १एन४००७ चालतो. डाउजरच्या एसी कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमची जोडी टाका, कपॅसिटर एक्स२ लिहिलेलाच घ्या, नाहीतर प्रत्येक चेंजओव्हरला स्पीकरमधून फाट्‌ आवाज येईल आणि पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवतील. रिले सीलबंद आणि सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा हवा. मोटरसाठीचा दहा अँपिअरचा दणकट रिले इथे कुचकामी, त्याचे कॉन्टॅक्ट ठिणगीने साफ होत राहतात, आपल्या कामात ठिणगीच पडत नाही, आणि खाऱ्या हवेत पाऊस संपेपर्यंत त्यावर असा थर बसतो की रिले टक्‌ वाजतो पण आवाज बदलत नाही.

तुमच्या प्रोसेसरला हुकूम क्षणभर हवा की धरून ठेवलेला हवा हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या, यात मॉडेलप्रमाणे फरक आहे. आणि पहिल्यांदा चालवताना घाबरू नका: बऱ्याच सिस्टिममध्ये चेंजओव्हर झाला की क्षणभर अॅनालॉग लागतं आणि मग डिजिटल पकडतं. तो बिघाड नव्हे. मिक्सिंग करणारे लोकही हे धरून चालत, रिळाच्या टोकाला सलग गाणं शक्यतो येऊ देत नसत.

प्रश्न: आमच्याकडे मशीन १ वर सगळं उत्तम. मशीन २ वर गेलं की हिरो बोलतो ते मागच्या सराउंड स्पीकरमधून ऐकू येतं! शिवाय बारीक गुणगुण आहे. टेक्निशियन येऊन प्रोसेसरचं कार्ड बदलायला लागेल म्हणून गेला, किंमत ऐकून आम्ही गप्प. — देवगड

उत्तर: कार्डाला हात लावू नका, पैसे खिशात ठेवा. तोच प्रोसेसर मशीन १ वर नीट डीकोड करतोय म्हणजे बिघाड मशीन २ च्या बाजूला आहे. दोन ट्रॅकच्या स्टिरिओ पट्टीत मधला आणि सराउंडचा आवाज गणिताने लपवलेला असतो, दोन्ही ट्रॅकमध्ये जे सारखं आणि एकाच फेजमध्ये ते मधल्या स्पीकरला जातं, जे सारखं पण उलट्या फेजमध्ये ते मागे सराउंडला. संवाद मागे जातोय याचा अर्थ मशीन २ च्या सेलच्या दोन जोड्यांपैकी एका जोडीच्या दोन वायर उलट्या लागल्यात. साउंड हेड उघडा, एकाच जोडीच्या वायर आपसात बदला, हिरो परत पडद्यावर येईल. दोन्ही जोड्यांच्या बदलू नका, म्हणजे परत तेच. बदलल्यावर डावं-उजवंही तपासा, पडद्यावर गाडी डावीकडून येते आणि आवाज उजवीकडून, असं मशीन २ वरच होत असेल तर जोड्याच अदलाबदल झाल्यात.

मग लेव्हल. डॉल्बी टोनची (ठरलेल्या पातळीच्या तपासणी आवाजाची) फिल्म लूप मिळवा, दोन्ही मशीनवर चालवून प्रोसेसरच्या प्रीअॅम्पचा गेन दोन्हीकडे एकाच खुणेवर आणा. कानाने जुळवू नका. एसआर आणि तिच्या आधीची ए टाइप, दोन्हींचं डीकोडिंग लेव्हलवर अवलंबून असतं, लेव्हल चुकली की नुसता आवाज कमीजास्त होत नाही, त्याचा पोतच बिघडतो.

गुणगुणीसाठी सोपी परीक्षा आहे. मशीन २ निवडा, फिल्म न भरता एक्सायटर लॅम्प (साउंड पट्टीवर प्रकाश टाकणारा दिवा) चालू ठेवा, फेडर (आवाजाची कळ) वाढवा आणि सेलच्या समोर व्हिजिटिंग कार्ड आडवं धरा. गुणगुण थांबली म्हणजे ती प्रकाशातूनच येतेय, लॅम्पच्या डीसी सप्लायचा फिल्टर कपॅसिटर सुकलाय, तो बदला. कार्ड धरूनही तशीच राहिली तर वायरिंग किंवा अर्थिंग. शील्ड दोन्ही टोकांना जोडलेली असेल, किंवा सेलचा ब्रॅकेट मशीनच्या बॉडीला टेकला असेल, मधला इन्सुलेशनचा वॉशर फुटतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. एक करायचं नाही, गुणगुण जाते म्हणून मशीनची अर्थिंगची वायर काढायची नाही. हे काही लोक बिनदिक्कत करतात. झेनॉन लॅम्पहाउस आहे ते, आणि तुमची केबिन पावसात ओली असते.

एक्सायटर लॅम्पचा विषय निघालाच आहे तर, शक्य असेल तर दोन्ही मशीनवर त्याच्या जागी लाल एलईडी लावा. शेवटच्या काही वर्षांतल्या प्रिंटवर साउंड पट्टी निळसर, सायन रंगाची असते, तिच्यात चांदी नसते, जुन्या पिवळ्या बल्बवर तिचा आवाज बारीक आणि खरखरीत येतो. लाल प्रकाशावर ती नीट वाजते आणि जुनी चांदीची काळी पट्टीही वाजते. मात्र दोन्ही मशीनवर एकदमच बदला, एकावर लाल आणि एकावर पिवळा ठेवलात तर परत लेव्हलचं रडगाणं.

प्रश्न: मशीन १ वर ओठ आणि आवाज जुळतात, मशीन २ वर डिजिटल लागलं की आवाज किंचित आधी येतो. अॅनालॉगवर मात्र दोन्ही बरोबर. असं कसं? — चिपळूण

उत्तर: अगदी बरोबर लक्षण सांगितलंत, त्यातच उत्तर आहे. अॅनालॉग वाचणारं साउंड हेड गेटच्या (चित्र पडद्यावर पडतं त्या खिडकीच्या) खाली, ठरलेल्या अंतरावर, साधारण २० फ्रेम पुढे, सगळ्या मशीनवर सारखं. तुमचा डिजिटल रीडर मात्र वर बसवलेला दिसतो, मशीनच्या डोक्यावर. म्हणजे चित्र गेटवर यायच्या आधीच तो आवाज वाचून घेतो आणि प्रोसेसर तो आवाज थोपवून धरतो. किती थोपवायचा हे रीडर ते गेट फिल्म किती लांब फिरून येते त्यावर ठरतं, आणि तुमची दोन मशीन एकाच कंपनीची असली तरी रीडरचा ब्रॅकेट, वरचे रोलर, वरच्या लूपचा (फिल्मच्या सैल वळणाचा) आकार यात थोडा फरक असतोच. म्हणून डिले प्रत्येक मशीनचा वेगळा भरावा लागतो. तुमच्याकडे मशीन १ चा आकडाच मशीन २ ला गेलाय किंवा फॅक्टरीचा तसाच राहिलाय.

आधी मोजा, मग कान लावा. फिल्मचा वाया गेलेला तुकडा मशीन २ मध्ये नेहमीसारखा भरा, रीडरच्या वाचायच्या जागी मार्करने खूण करा, गेटच्या मधोमध दुसरी खूण करा, तुकडा काढून मधली भोकं मोजा. एक भोक म्हणजे ४.७५ मिलिमीटर, वेळेत साधारण १०.४ मिलिसेकंद. मशीन १ वर हेच करा, दोन्हीतला फरक कळला की मशीन २ च्या डिलेमध्ये तेवढी भर घाला. मग दार आपटण्याचा किंवा टाळीचा प्रसंग लावून बघा, आणि प्रोसेसर हाताने अॅनालॉग-डिजिटल असा फिरवत राहा, दोन्हींत उडी जाणवली नाही की जमलं. हे ऐकायला केबिनमधल्या मॉनिटरपाशी बसू नका, हॉलच्या मधल्या रांगेत जा. आवाज एका फ्रेमच्या वेळात जेमतेम १४ मीटर जातो, म्हणजे लांब हॉलमध्ये मागच्या भिंतीपाशी बसलात तर सगळंच उशिरा वाटणार.

आणि ऑपरेटरला सांगा की वरचा लूप रोज तेवढाच ठेव. आज मोठा उद्या छोटा असं केलं तर तुमचा हिशेब दोनचार भोकांनी हलतो.

प्रश्न: डीटीएसची प्रिंट आली, सोबत डिस्क आल्या, पण दोन मशीनवर रिळं उलटसुलट चालणार तर डिस्कला कसं कळणार कुठलं रीळ चालू आहे? — दापोली

उत्तर: फिल्मवरच्या त्या तुटक रेघेत नुसती वेळ नसते, सिनेमाचा नंबर आणि रिळाचा नंबरही असतो. प्रोसेसर तो वाचतो आणि डिस्कवर त्या जागी जातो, तुम्ही चुकून तीन नंबरच्या जागी चार लावलंत तर आवाजही चारचाच लागेल, तेवढं ते हुशार आहे. तुम्ही करायचं ते एवढंच: दोन्ही मशीनवर टाइमकोडचे रीडर, ते दोन्ही रीडर प्रोसेसरच्या दोन इनपुटवर, चेंजओव्हरचा तोच कोरडा कॉन्टॅक्ट इथेही, आणि फ्रेममधला ऑफसेट दोन्ही मशीनचा वेगळा भरायचा. टाइमकोड क्षणभर तुटला तरी डिस्क वाजत राहते, म्हणून जोड जास्त असलेल्या प्रिंटवर डीटीएस डॉल्बी डिजिटलपेक्षा कमी अडखळतं, हा माझा आवडीचा भाग आहे. डिस्क दुसऱ्या सिनेमाच्या आल्या असतील तर मात्र प्रोसेसर गप्प बसेल आणि अॅनालॉग लागेल. खेळाच्या दिवशी सकाळी पहिलं रीळ पाच मिनिटं चालवून बघा.

प्रश्न: आमच्याकडे डिजिटल सर्व्हर आणि नवा साउंड प्रोसेसर आहे, त्याला फिल्मची इनपुटच नाहीत. जुना फिल्मवाला प्रोसेसर त्याला जोडता येईल का? — अलिबाग

उत्तर: येईल. नव्याला मल्टिचॅनेल अॅनालॉग इनपुट असेल तर जुन्याचे सहा आउटपुट तिथे द्या आणि त्याला ‘फिल्म’ नावाचा एक फॉरमॅट करून ठेवा. मोठी चूक जी सगळीकडे दिसते ती म्हणजे हॉलचं इक्वलायझेशन दोन्हीकडे चालू राहतं. सिनेमाच्या हॉलला एक्स कर्व्ह असतो, २ किलोहर्ट्झनंतर आवाज दर ऑक्टेव्हला ३ डेसिबलने उतरता. तो जुन्याने एकदा लावला, नव्याने परत लावला, की संवाद गोधडीतून आल्यासारखे. जुन्यामधलं इक्वलायझर पूर्ण सपाट करा, हॉलचं काम नव्याकडेच राहू दे. फेडरही जुन्याचा ७ वर पक्का करून ठेवा आणि आवाज नव्यावरून कमीजास्त करा. मग पिंक नॉइज (तपासणीचा सलग खरखराट) लावून पडद्यामागचा प्रत्येक चॅनेल ८५ डेसिबल आणि सराउंडची एकेक बाजू ८२, मीटर सी वेटिंगवर ठेवून. सर्व्हरकडचा आवाज आधीच नीट असेल तर त्याच्या सेटिंगला हात लावू नका, शनिवारचा नवा सिनेमा बिघडला तर मालक तुम्हाला केबिनमध्ये परत चढू देणार नाही.

प्रश्न: चेंजओव्हरच्या खुणा प्रिंटवर नीट दिसत नाहीत, घासल्यात. काय करावं? — राजापूर

उत्तर: खुणा उजव्या वरच्या कोपऱ्यात, दोन वेळा, प्रत्येक चार फ्रेमची. पहिली शेवटाच्या साधारण ८ सेकंद आधी, त्यावर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसरी शेवटाला साधारण एक सेकंद असताना, त्यावर बटण. घासल्या असतील तर प्रिंटवर नव्याने ओरखडे काढू नका, काही ऑपरेटर खिळ्याने खूण करायचे, त्या प्रिंट बघवत नाहीत. रिवाइंडरवर शेवटच्या शॉटचं वर्णन वहीत लिहून ठेवा, ‘बाई दार लावते, वळते, बटण’ असं. प्रत्येक रिळाचं एक वाक्य पुरतं.

प्रश्न: दुसऱ्या मशीनचा झेनॉन पेटवला की चालू असलेल्या मशीनचं डिजिटल जातं आणि कडकड होते, मग परत येतं. — सावंतवाडी

उत्तर: पेटवताना इग्नायटर हजारो व्होल्टची ठिणगी सोडतो, तिचा धक्का अर्थिंगमधून आणि हवेतून रीडरच्या केबलला बसतो. तात्पुरता उपाय म्हणजे खेळाआधी दोन्ही लॅम्प पेटवून ठेवायचे आणि इंटरव्हलपर्यंत विझवायचेच नाहीत, अडवायचं काम डाउजर करेल. लॅम्पचे तास जास्त जातात, वीजही जाते, पण खेळ नीट होतो. कायमचा उपाय अर्थिंग. आपल्याकडे जांभा, मे महिन्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थ पिट नावालाच उरतो. वायरमनकडून अर्थचा रेझिस्टन्स मे मध्ये मोजून घ्या, ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा फसवा असतो. पिटमध्ये पाणी घालायची सोय ठेवा. जुन्या पद्धतीचा मीठ-कोळशाचा जीआय पाइप समुद्राकाठी लवकर गंजतो, नवा पिट करणार असाल तर तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि बेंटोनाइट माती परवडली तर तीच घाला. आणि रॅकची अर्थ लॅम्पहाउसच्या बॉडीवरून उचललेली असेल तर तिथून काढून थेट मेन अर्थ पट्टीवर वेगळी न्या.

प्रश्न: पावसाळ्यात चार महिने खेळ बंद असतात. कनेक्टरवर हिरवट चिकटा येतो. काढायचा कसा? — वेंगुर्ला

उत्तर: कॉन्टॅक्ट क्लीनरने, आणि मऊ ब्रशने. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा निघून जातो आणि पुढच्या वर्षी दुप्पट गंज. डब्ल्यूडी ४० मारणारे बरेच भेटतील, तो बिजागऱ्यांना मारा. रीडरची काच आणि साउंड हेडची लेन्स यांवर बुरशीचे धागे दिसले तर लेन्स क्लीनर आणि मऊ कापड, जोर न लावता. खरं तर बंद ठेवणं हाच त्रास आहे. प्रोसेसर आठवड्यातून एकदा तासदोनतास चालू ठेवला तर आतल्या उबेने ओल निघून जाते, मात्र बाहेर विजा कडकडत असतील तेव्हा नाही, तेव्हा प्लगच काढून ठेवायचा. रीडर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. केबलच्या पाइपांची तोंडं बंद करा, उंदरांना रीडरच्या केबलचं मऊ आवरण फार आवडतं, आणि ती केबल आता कुठे नवीन मिळत नाही.

देवगडच्या वाचकांनी वायर बदलल्यावर काय झालं ते कळवावं. चिपळूणवाल्यांनी दोन्ही मशीनची मोजलेली भोकं पाठवली तर पुढच्या अंकात डिलेचा हिशेब आकड्यांसकट मांडून देतो.